दुपारी भरणारी सातवी

कमलबाई गेल्याचं मला आगाशीच्या बाजारात कळलं. सांगणारी आमचीच जुनी विद्यार्थिनी, आता तिथे मासळी विकायला बसते. "मोठ्या बाई गेल्या…" एवढंच म्हणाली आणि माझ्या हातातली पिशवी तिने आपल्या हातात घेतली.

कमलबाई अर्नाळ्याच्या बाजूच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका, मी त्यांच्या हाताखालची शिक्षिका. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. विरारकडे इमारती उठत होत्या, इंग्रजी शाळांच्या गाड्या आमच्या दारावरून मुलं नेत होत्या आणि आमचा पट उतरत चालला होता. हिवाळ्यात तर सातवी ओस पडायची, कारण मुलगे मोजकेच आणि मुली सकाळभर किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायला. शिक्षण खात्याच्या साहेबांनी बजावलं, वर्ग पुन्हा रिकामा दिसला तर सातवी बंद, मुलांना आगाशीला पाठवा. मुलगे गेले असते. मुलींना रोज बसने कोण धाडणार होतं? त्यांची शाळा सहावीतच संपली असती.

बाई आधी घरोघर शिक्षणाचं महत्त्व सांगत फिरल्या. बायकांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, मुली काही पाठवल्या नाहीत. शेवटी एकीने तोंडावर विचारलं, "पोरी शालेत बसल्या तं बोंबील कोन घालनार? तुमी येनार?"

बाई दुसऱ्या दिवशी पदर खोचून हजर. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची, ते त्यांना जमेना. मासे वाळूत पडत आणि बायका हसून हसून बेजार. मी आपली लांब, नाकाला पदर लावून उभी. पण ऊन डोक्यावर आलं तशा दोऱ्या भरल्या आणि मुलींचे हात रिकामे झाले. बाईंनी नेमकं तेच हेरलं. मोसमापुरती सातवी दुपारी भरू लागली. परवानगीचं काय, विचारलं तर म्हणाल्या, ती येईल मागून.

साहेब नेमके सकाळी उगवले. रिकामे बाक पाहून त्यांचा पारा चढला. बाईंनी शांतपणे खुर्ची पुढे केली.

"साहेब, आमच्याबरोबर जेवा. दुपारी वर्ग भरला नाही तर खुशाल बंद करा… मी सही देते."

जेवणं आटोपतात तोच मुली आल्या, बाक भरले, वर्गभर बोंबलाचा वास सुटला. साहेबांनी रुमाल काढला, नाकाशी नेला आणि काय वाटलं कोण जाणे, कपाळ पुसून खिशात घातला. एकेकीला उभं करून वाचायला लावलं. मुली न अडखळता वाचत गेल्या. सातवी राहिली, आणि पुढच्या वर्षी शेजारच्या पाड्यावरच्या आयाही मुलींची नावं घालायला आल्या.

बाईंचं नि माझं रोज वाजायचं. हट्टी होत्या, कुणाचं ऐकायच्या नाहीत. तरी सांगते, त्यांच्याइतका जीव मी दुसऱ्या कुठल्या वरिष्ठाला लावला नाही.

परवा मुद्दाम शाळेत जाऊन आले. आताचे गुरुजी तरुण आहेत, घाटावरून आलेले. सातवी दुपारी का भरते, मी विचारलं.

"कल्पना नाही, बाई… इथे हिवाळ्यात ती दुपारीच भरते."

त्यांना सगळं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. पण दारातून मुली आत येत होत्या. मी बाजूला सरून त्यांना वाट दिली.