हत्तीच्या साच्याचा वास

हे मी आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. आईच्याही नाही. तुम्हाला सांगायला बसले आहे खरी, पण सुरुवात कुठून करू तेच कळत नाही. हत्तीपासून, की मावशीपासून?

मी मूळची कोकणातली. आठवीत शाळा सुटली. ज्यांच्या घरी मी काम करते त्या वहिनींच्या यजमानांची बदली तिकडून त्यांच्या गावी, विदर्भातल्या दारव्ह्याला झाली, तेव्हा घरकामाला म्हणून त्या मला सोबत घेऊन आल्या. पोटच्या पोरीसारखं ठेवलं, केक करायला शिकवलं. पण सुरुवातीला इथलं बोलणं कळेना, ऊन सोसेना. तेव्हा भांडी घासायला येणारी गंगामावशीच माझ्या जवळ बसायची. "काहून रडून राह्यली वो पोरी?" म्हणायची आणि फडक्यातली भाकरी अर्धी करून माझ्या हातात द्यायची. या दोघींचं माझ्यावर किती आहे, ते मला माहीत आहे. म्हणूनच तर — पण थांबा. मी पुढे पळते आहे.

वहिनींच्या मुलीने पुण्याहून सिलिकॉनचे साचे आणले होते. रबरासारखे मऊ, लाल, आणि प्रत्येक खळग्यात एक बसलेला हत्ती. वहिनींना मैत्रिणींना चहाला बोलवायची भारी हौस. बशीत हत्तीचे कपकेक मांडले की बायका आधी फोटो काढायच्या, मग खायच्या. सोंड न तुटता हत्ती बाहेर काढणं फक्त मला जमायचं. केक पुरता थंड होऊ द्यायचा, साचा उलटा करायचा आणि मागून अंगठ्याने हळूच ढकलायचं. घाई केली की सोंड आतच राहते.

त्या दिवाळीत गुलाबाच्या वासाच्या मेणबत्त्या अर्ध्या जळून उरल्या होत्या. मी त्या वितळवल्या आणि हत्तीच्या साच्यात ओतल्या. गावी धाकट्या बहिणीला पाठवायला. वहिनींना विचारलं असतं तर त्या हो म्हणाल्या असत्या. मग विचारलं का नाही? खरंच सांगते, अजून कळलेलं नाही. परक्या घरात एखादी गोष्ट फक्त आपली असावी असं वाटलं असेल. की नुसती भीती? साचा गरम पाण्यानं धुतला आणि जागेवर ठेवून दिला. सिलिकॉन वास धरून ठेवतं, हे मला ठाऊक नव्हतं.

ती चूक झाली. पण मी सांगते आहे ती ही नव्हे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनींनी चहा ठेवला. दिवाळीनंतर पहिल्यांदाच साचे फळीवरून काढले, मावशीनं धुतले, मी पुसून पीठ भरलं. भरताना वास आला होता का? कधी वाटतं, आला होता. गुलाबासारखा, पुसट. कधी वाटतं, हे मीच नंतर मनानं जोडलं. ओव्हनमधून काढल्यावर सगळ्या स्वयंपाकघरात व्हॅनिलाचा घमघमाट होता, त्यात काय कळणार? की मला कळायला नको होतं?

बाहेरून पहिलं हसू ऐकू आलं.

"बाप्पा! हा हत्ती तं आंघोळ करून आला वाटते!"

"अवो, केक हाये का उदबत्ती?"

वहिनीही हसल्या. पण आत आल्या तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. "साचे कोणी धुतले?"

मी म्हणाले, "मावशीनं."

बघा — यात खोटं काय आहे? मावशीनंच धुतले होते. एवढा खरा शब्द मी आयुष्यात दुसरा बोलले नसेन.

वहिनी ओरडल्या नाहीत. "मावशी, साबण नीट निघाला नाही का हो?" एवढंच विचारलं. मावशी म्हणाली, "मी तं दोन पाण्यानं खंगाळले होते, बाई." मग आपल्या हातांकडे बघत राहिली. "राह्यला असंल. नाक काम देत नाही आता माह्यं."

मी तिथेच उभी होते. हातात चहाची किटली.

दुसऱ्या दिवसापासून मावशी घासलेलं प्रत्येक भांडं नाकाशी धरायला लागली. वाटी, ताट, साधी चमचीसुद्धा. विश्वास बसला नाही की मला हाक मारायची. "पाय बरं पोरी, येते का वास?" मी हुंगायची आणि "नाही" म्हणायची. सांगायची संधी रोज तीच माझ्या नाकापाशी आणून धरत होती. मी रोज "नाही" म्हणत होते, आणि तिला वाटायचं, पोरगी आपली समजूत घालते आहे.

उन्हाळा लागायच्या आधी तिनं आपणहून काम सोडलं. वहिनी नको म्हणत होत्या. "दुसरी पाहा बाई, माह्या हातचं आता खरं नाही," म्हणाली. तिला कुणी काढलं नाही. तिनं स्वतःवरचा विश्वास काढून घेतला, आणि तो घालवला मी.

बहिणीनं त्यातला एकही हत्ती पेटवलेला नाही. ट्रंकेत कपड्यांत ठेवलेत. फोनवर सांगते, अजून वास येतो म्हणून.

मावशी बाजाराच्या दिवशी अधूनमधून येते. मागच्या खेपेला आली तेव्हा मी चहा दिला. कप मीच घासलेला. तिनं तोंडाला लावायच्या आधी नाकाशी धरला, जरा थांबली, आणि माझ्यापुढे केला.

"पाय बरं पोरी. येते का?"

मी हुंगला. आलं आणि दूध, दुसरं काही नव्हतं.

"नाही मावशी," मी म्हणाले. आणि तिनं हसून चहा घेतला.