शुक्रवारचं बीपी

दवाखान्यात माझं बीपी एकशेतीसच्या पुढे सहसा जात नाही. घरी मात्र ते एकशेसाठ भरायचं. बहुतेकांचं उलट असतं, डॉक्टर दिसले की चढतं, असं आमचे डॉक्टर सांगतात. माझं सगळंच उफराटं.

घरचं मशीन लेकीने इस्रायलहून येताना आणलं. आमच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांत निम्मं घर तिकडे आणि निम्मं इकडे, यात नवल काही नाही. आमच्यातली ती तिकडे, आणि मी नवीन पनवेलला, हे गेल्यापासून एकटी. शुक्रवारी तिला सुट्टी असते. दुपारी व्हिडिओ कॉल लावायचा, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचा, दंडाला पट्टा बांधायचा आणि आकडा तिला दाखवायचा, असा नियम तिने घालून दिला होता. आकडा पाहिला की तिचं ठरलेलं असायचं, "आई, आता एकटी राहू नकोस. फ्लॅट विकून टाक आणि ये." तिकडे सायरन वाजला की जिने उतरून पळायचं. ते बीपीला चालतं म्हणे!

मशीनच बिघडलंय अशी माझी खात्री होती. पिशवीत घालून ते दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी त्यांच्या मशीनवर मोजलं, मग माझ्या. दोन्ही आकडे जवळपास सारखेच आले. माझा चेहरा उतरला.

"घरी मोजताना काय करत असता?" त्यांनी विचारलं.

"मुलीशी बोलत असते."

"कशाबद्दल?"

मी फ्लॅटचं सांगितलं. वाटलं होतं हसतील, पण हसले नाहीत. "मोजताना बोलायचं नाही. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. आणि तिला काय सांगायचंय ते एकदा सांगून टाका."

त्या शुक्रवारी मी पट्टा बांधलाच नाही. म्हटलं, "मला यायचं नाहीये. आजारी पडले तरी नाही. तुझ्या बाबांची कबर इथे आहे, माझीही इथेच होऊ दे." तिने वळून पाहिलं. मागे गॅसवर तिचं काहीतरी उकळत होतं. मग म्हणाली, "बरं." मला सुटल्यासारखं झालं. वाईटही वाटलं.

आता सकाळी चहाच्या आधी गप्प बसून मोजते. एकशेतीसच्या आसपास असतं. लेकीचा फोन चुकत नाही. नातवाची शाळा, तिकडचं ऊन, मी काय जेवले, सगळं बोलणं होतं. फ्लॅटचा विषय तिने पुन्हा काढलेला नाही.

परवा ती फोन ठेवायला लागली, तेव्हा मीच म्हटलं, "बीपी नाही का बघायचं?"

"डॉक्टर बघतात ना, आई," ती म्हणाली.

पट्टा मी आधीच बांधून बसले होते.