शेंदराचा मळा

आईचं माहेर मालवणजवळचं. तिचे वडील खडकाला चिकटलेले कालवांचे शिंपले काढायला समुद्रात बुडी मारायचे आणि वर आले की सांगायचे, खाली शेंदराचा मळा फुललाय. गावात सगळे त्यांना थापाड्या म्हणत. आई लग्न होऊन पुण्यात आली, शाळेत शिकवून निवृत्त झाली, पण त्या मळ्यावरचा तिचा विश्वास काही ढळला नाही.

मी आयटीत नोकरीला लागले तेव्हा मालवणला पर्यटकांच्या पाठीला हवेचं नळकांडं बांधून त्यांना समुद्रात उतरवायला सुरुवात झाली होती. आईच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं. मी डिजिटल कॅमेरा पाणी न शिरणाऱ्या पेटीत घालून गेले आणि भीतीपोटी लांबूनच झूम करून फोटो काढले. घरी आईला ते कॉम्प्युटरवर दाखवले. सगळे निळे-हिरवे, शेवाळ धरलेल्या टाकीसारखे. आईने चष्मा काढून पुसला.

"म्हणजे बाबा थापाच मारत होते," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण मला ते फार लागलं.

मग ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी इंटरनेटवर वाचत बसले. पाणी सगळ्यात आधी तांबडा रंग खातं, तेव्हा उजेड आपणच न्यायला हवा, एवढं कळलं. मी शनिवार पेठेतल्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. पाण्याखालचे फोटो काढायचेत म्हटल्यावर मालकांनी वर्तमानपत्र जरासं खाली केलं. "आमच्याकडे नळाला पाणी नाही, आणि तुम्ही त्याच्या खाली जाणार?" त्यांनी विचारलं. तरी दिवे त्यांनीच मागवून दिले, आणि भिंगही.

दिवे कसे लावायचे ते आधी पुण्यातच ठरवायचं होतं. माझ्या मैत्रिणीच्या काकूंची पुण्याजवळच्या मांजरी गावात उसाच्या कडेला विहीर होती. पोहायला येत होतंच. खोलवर रंग दिसतो का हे बघायला मी एका दगडाला तेलात कालवलेला शेंदूर फासला, दोरी बांधली आणि दगड खाली सोडला.

दिव्याशिवाय तो मातकट दिसला. कॅमेऱ्याला चिकटून दिवा लावला तर पाण्यातला गाळच चमकला, पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं वाटलं. झूमने तर नुसताच गढूळपणा जवळ आला. शेवटी झूमचा नाद सोडला. जवळूनही बरंच काही टिपणारं रुंद भिंग लावलं, दोन दिवे दोन्ही बाजूंना लांब दांड्यांवर बसवून किंचित बाहेर वळवले आणि दगडापासून हातभर अंतरावर गेले. दगड शेंदरी झाला. मी पाण्यातच हसले आणि नाकातोंडात पाणी गेलं.

दगड घेऊन वर आले तर काकू पदर डोक्यावर घेऊन उभ्या. "ताई, ही कंची देवी हाय?" मी उजेड, रंग, भिंग सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "नसंल देवी," त्या म्हणाल्या, "पन शेंदूर लावल्याला दगुड आता टाकायचा कसा?" त्यांनी तो लिंबाखाली मांडला. पुढच्या खेपेला गेले तेव्हा त्याच्यापुढे नारळ फुटलेला होता. आमची चाचणी देवाच्या दारात पास झाली होती.

दिवाळीनंतर पुन्हा मालवणला गेले. या वेळी खडकाच्या अगदी जवळ गेले. दिवे लावले आणि समोरचा राखाडी खडक शेंदराने माखून निघाला. पोवळ्यांचे इवलाले शेंदरी झुपके, जिकडे बघावं तिकडे. माझे डोळे भरून आले. आईला तिथे आणता आलं नाही याचंच वाईट वाटलं.

घरी कॉम्प्युटरवर फोटो लावला. आईने चष्मा चढवला. मलाच राहवेना. एवढे दिवे नेले तेव्हा मला रंग दिसला, मग आजोबांना तो नुसत्या डोळ्यांनी कसा दिसला, असं मी तिला विचारलं.

"ते अमावास्येच्या ओहोटीला जायचे," आई म्हणाली. "पाणी छातीएवढंच उरायचं, आणि वर लख्ख ऊन. त्यांना कशाला लागतील दिवे?"

ती पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बघत राहिली. मग पदराने डोळे पुसले आणि शिकवायच्या आवाजात म्हणाली, "याच्या तीन प्रती काढ. एक मला. त्यांना थापाड्या म्हणणारे अजून दोघं गावात आहेत."