यादीत नसलेलं नाव

आमच्या हॉस्पिटलात संप झाला तेव्हा मी डायलिसिसच्या खोलीत टेक्निशियन होते आणि माझे वडील त्याच खोलीतले पेशंट होते. मंगळवार आणि शुक्रवार ही त्यांची पाळी. तेवढ्यावरून मला कशाची भीती असेल ते कुणीही ओळखेल. पण मी शहाणी भलत्याच गोष्टीला घाबरले.

मागणी साधी होती. आम्ही सगळे अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. अकरा महिने भरले की चार दिवस घरी बसायचं, मग नवी ऑर्डर घ्यायची. म्हणजे कागदावर आम्ही दर वर्षी नवेच. वॉर्डातल्या सफाईच्या मावशी, देवरुखकडच्या, अशा एकोणीस ऑर्डरी सांभाळून बसल्या होत्या. दहा वर्षं भरलेल्यांना कायम करा, एवढंच आमचं म्हणणं. मावशींची साठी जवळ आली होती. या खेपेला झालं नाही तर त्यांचं कधीच होणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

डायलिसिस पूर्ण बंद ठेवता येत नाही, माणूस दगावतो. म्हणून आमचं ठरलं की सहापैकी दोन मशीन चालू ठेवायची, आत जाणाऱ्याने दंडाला काळी फीत बांधायची, आणि ज्यांना थांबणं शक्यच नाही अशाच पेशंटना घ्यायचं. बाकीच्यांनी चिपळूण-कोल्हापूर गाठायचं, नाहीतर दोन-तीन दिवस कळ काढायची. यादी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण प्रत्येकाची तब्येत मला पाठ होती. ती यादी फाटकावर चिकटवायची होती, म्हणजे लपवाछपवी नको.

मी बारा नावं लिहिली. वडिलांचं लिहिलं नाही. फाटकावर सगळे वाचणार आणि कुणीतरी म्हणणार, बघा, हिने आपल्या बापाची सोय आधी लावली, याचीच मला धास्ती होती. त्यांच्या पायावर सूज कमी आहे, थांबतील ते, असं मी ठरवून टाकलं. दुसऱ्या कुणाच्या वडिलांबद्दल मी असं ठरवलं असतं का? मुळीच नाही.

सोमवारी संप सुरू झाला. मंगळवारची पाळी चुकली. बुधवारी बोलणी झाली, त्यात मीही होते. कामगार अधिकारी गोड बोलणारे गृहस्थ. चहा मागवायचे आणि 'बघू या' म्हणायचे. पण त्या दिवशी त्यांच्या केबिनबाहेर पेशंटच्या नातेवाइकांची गर्दी होती, चार मशीन बंद होती, आणि त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं, "दहा वर्षांवाल्यांचं विश्वस्तांच्या कानावर घालतो." आम्ही हवेत तरंगत बाहेर आलो. मावशींनी सगळ्यांना शेंगदाणे वाटले.

गुरुवारी सकाळी वडील पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसले होते. आडवं होता येत नव्हतं. "जा तू," ते म्हणाले, मग थांबले, श्वास घेतला, "मीटिंग आहे ना." एवढंसं वाक्यही त्यांना एका दमात बोलता येत नव्हतं. छातीत पाणी झालं की हे असं होतं. मी ते रोज बघते, आणि तरीही त्यांना तसंच बसवून मी रिक्षाने फाटकावर आले. यादीसमोर नुसती उभी राहिले.

मावशी जवळ आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, यादीकडे बघितलं. वाचता जेमतेम यायचं, पण माझं आडनाव त्यांना ओळखता येत होतं.

"तुज्या बापसाचं नाव कुटं हाय गो?"

मला रडू फुटलं. मग सगळं बाहेर पडलं, लोक काय म्हणतील ते, सूज, पलंगाची कड.

"आमाला भ्यालीस तू?" मावशी एवढ्या जोरात ओरडल्या की सगळे वळून बघायला लागले. "आमाला? जा, घेऊन ये त्येंना!"

पण दोन्ही मशीनांवर माणसं होती, आणि दुपारचीही ठरलेली होती. कुणाला उठवायचं? मावशीच म्हणाल्या, "कोनाला उटवायचं नाय. तिसरं मशीन लावा." फाटकाजवळच्या संपाच्या मंडपात कुणीही नाही म्हटलं नाही. सुरुवातीलाच यादी बरोबर केली असती तर तिसऱ्याची गरजच पडली नसती, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी रिक्षा करून त्यांना आणायला गेले.

दुपारपर्यंत वडिलांची धाप कमी झाली. चारला बोलणी होती. कामगार अधिकारी हसून म्हणाले, "तिसरं मशीन चालू केलंत म्हणे. उत्तम. मग चौथंही होईल." बाहेर नातेवाईक आम्हालाच धरून विचारत होते की हिच्या वडिलांना घेतलं, आमच्या माणसाने काय घोडं मारलंय? त्यांच्या माणसांसाठीही एकेक मशीन लावावं लागलं. शुक्रवारी सहाही मशीन चालू होती आणि संपात दम उरला नव्हता. शनिवारी आम्ही सह्या केल्या. ऑर्डर तीन वर्षांची झाली. 'कायम' हा शब्द कुठेच नव्हता, आणि पंचावन्नच्या पुढच्यांचा विचार प्रशासन स्वतंत्रपणे करणार होतं.

घरी वडिलांनी विचारलं, "मिळालं का?" मी म्हटलं, "मिळालं." खरं सांगायला घाबरले होते, दुसरं काय. ते शेजारीपाजारी सांगत सुटले.

मावशींची विसावी ऑर्डर आली नाही. शेवटच्या दिवशी त्या डायलिसिसच्या खोलीत सगळ्यांचा निरोप घ्यायला आल्या. वडील मशीनवर होते, मी शेजारी उभी होते. वडील काय विचारतील ते मला आधीच कळलं.

"कायम झालात ना मावशी? मग एवढ्यात का सोडताय?"

मावशींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "पाय दुकतात ओ आता. म्हटलं, घरी बसावं."

"बरं केलंत," वडील म्हणाले. "आमच्या मुलीने केलं हो तुमचं काम."

"व्हय तर," मावशी म्हणाल्या, आणि वडिलांच्या पायावरची चादर नीट करून निघून गेल्या.