तेलियाचा वास

‘मालाला तेलाचा वास येतो. माल कंटॅमिनेटेड आहे. सर्व स्टोल परत न्यावेत.’ इथल्या, इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या एका कंपनीकडून आलेले हे पत्र लक्ष्मीने माझ्या टेबलावर ठेवले. लक्ष्मी सोलापूरची, तेलुगू विणकरांच्या घरातली. तिच्या छोट्या धंद्याची ही पहिलीच मोठी ऑर्डर. मी तिचा सॉलिसिटर.

“काका, ड्राय क्लीन करून देऊ का? भांडण नको.”

“वास गेला तर उरेल काय?”

“पण माल परत गेला, तर पुट्टपाकाचे विणकर पुन्हा तेलाला हात लावणार नाहीत. साधे सूत त्यांना सोपे पडते.”

मुद्दा असा. हे स्टोल तेलिया रुमालाच्या कापडाचे. तेलंगणातल्या पुट्टपाका गावात त्याचे सूत विणण्यापूर्वी तेलात आणि एरंडाच्या टरफलांच्या राखेत पुन्हा पुन्हा मळून वाळवतात. त्याने लाल रंग पक्का बसतो, कापड मऊ राहते. आणि वास राहतो. हे रुमाल एके काळी अरबस्तानात जात. तिथले गिऱ्हाईक आधी वास घेई, मग भाव विचारी, असे लक्ष्मीचे आजोबा सांगत.

मी कंपनीस लिहिले, ‘आपण ज्यास दोष म्हणता, ती या मालाची ओळख आहे. सदर शब्द मागे घ्यावा.’ उत्तर आले, सँपलला वास नव्हता. मी अधिक कडक पत्र लिहिले. उत्तर तेच.

कायदा त्यांच्या बाजूचा दिसत होता. नमुना दाखवून विकलेला माल नमुन्याबरहुकूमच असावा लागतो.

अखेर मीटिंग ठरली. खरेदीप्रमुख हेलनने आपला नमुना खिडकीतून काढून दिला. ऑर्डर दिल्यापासून तो तिथेच, खोली ऊबदार ठेवणाऱ्या रेडिएटरच्या वर टांगलेला होता.

“मिस्टर देवधर, तुम्हीच हुंगून पाहा.”

“पाहिला. आता आपण हा पाहावा.”

माझे वडील सोलापुरात कापडाचे अडते होते. सौद्याचा नमुना ते मधोमध कापत. अर्धा गिऱ्हाइकाला, अर्धा सहीनिशी पत्र्याच्या डब्यात. ऑर्डरच्या वेळी मी हट्टाने तेच करविले होते. हवाबंद पिशवीच्या तोंडावर लक्ष्मीची आणि हेलनची सही होती. तेव्हा दोघी हसल्या होत्या.

पिशवी हेलननेच कापली. खोलीभर तेल आणि राख दरवळली. मला वडिलांच्या डोक्याचा रुमाल आठवला आणि मी पुढचे वाक्य विसरलो. वकिलाने असे करू नये.

लक्ष्मी म्हणाली, “तुमचा तुकडा शेजारी ठेवून बघा ना.”

हेलनने ठेवला. कापलेली नक्षी तंतोतंत जुळली.

“म्हणजे वास मीच घालवला,” हेलन म्हणाली.

“आपल्या रेडिएटरने,” मी दुरुस्ती केली.

माल त्यांनी ठेवून घेतला. लक्ष्मीने पार्किंगमधूनच पुट्टपाकाला फोन लावला. तेलुगूत ती काय बोलली ते कळले नाही. पण पलीकडचे हसणे मलाही ऐकू आले. ‘कंटॅमिनेटेड’ हा शब्द मात्र कंपनीच्या सिस्टिममधून अद्याप निघालेला नाही. माझी पत्रे चालू आहेत.

आमचा तुकडा पुन्हा सीलबंद करून कपाटात ठेवला आहे. पत्नी म्हणते, “अहो, एवढी आठवण येते तर उघडा की.”

मी उघडत नाही. पुरावा दर वेळी उघडला की थोडा कमी होतो.