काठी मोजायची राहिली

उलव्याच्या नकाशावर मी पहिली रेघ ओढली, तेव्हा तिथे शहर नव्हतंच. चिखल, खारफुटी आणि खाडीकाठचं एक जुनं गाव. पुढे किती माणसं येतील, किती लिफ्ट चालतील, किती एसी लागतील याचा अंदाज बांधायचा आणि मोठ्या टॉवरवरून वीज तिथवर आणायची, हे माझं काम. मला त्याची भारी हौस. घमेंडही होती, खोटं कशाला बोलू?

गावावरून जाणाऱ्या लाईनचा सर्व्हे गणपतीनंतर केला. घरं मोजली, माड मोजले, देवळाचा कळसही मोजला. देवळाच्या मंडपात छताखाली एक लांबलचक बांबू आडवा बांधलेला होता. असेल मांडवाचा, म्हणून मी पुढे गेले.

ती गावदेवीची काठी होती. चैत्रातल्या जत्रेत तिला रंगीत कापडं गुंडाळून देवळापासून खाडीपर्यंत उभी नाचवत नेतात. वाटेत आडवी करायची नाही, हा गावाचा नेम. मला हे कळलं ते तारा ओढून झाल्यावर, आणि वाटेवरच्या त्या तारा काठीच्या टोकापेक्षा खाली होत्या.

काठी धरणारे म्हातारे बाबा स्वतः ऑफिसात आले. भांडले असते तर बरं झालं असतं.

"म्याडम, तुमी सगला मोजलाव. मंग काठी कशी ऱ्हायली?"

"बाबा, पुढे लाईन वाढवतील तेव्हा मी टॉवर उंच करून घेईन," मी म्हणाले. ते नुसते हसले.

मग दर चैत्रात मी सीवूड्सच्या घरून जत्रेला जाऊ लागले. तारांच्या अलीकडे काठी खांद्यांवर आडवी घ्यायची, पलीकडे पुन्हा उभी करायची. तेवढा वेळ बाबा माझ्याकडे बघायचे नाहीत. नंतर मात्र घरी नेऊन तांदळाची भाकरी वाढायला लावायचे. "लाईट बाकी चांगली हाय तुमची," म्हणायचे.

ती काठी त्या जागेवरून उभी जाताना एकदा तरी पाहायची, याचा मला ध्यासच लागला. विमानतळासाठी जादा तारा टाकायचं निघालं तेव्हा मी आराखड्यात उंच टॉवर घुसवलेच. साहेबांनी कारण मागितलं. मी सरळ लिहिलं, गावदेवीची काठी.

तारा वर चढल्या, पण बाबा त्याच्या आधीच्या पावसाळ्यात वारले.

यंदा काठी वाजतगाजत आली. पुढे बाबांचा नातू, तारा ओढल्या तेव्हा कडेवरचा, आता चांगला बाप्या झालेला. तारांजवळ पोचताच त्याने हात वर केला आणि सगळ्यांनी काठी आडवी घेतली.

"अरे, उभीच न्या! आता तारांना लागत नाही!" मी त्याच्याजवळ धावत जाऊन ओरडले.

"ते म्हाईत हाय, म्याडम. पन इथं काठी खाडीला नमस्कार करते. रीतच हाय आमची."

"कोणी सांगितलं तुला?"

"आज्यानी. ल्हानपनापासून सांगायचा."

म्हणजे माझ्या चुकीची बाबांनी रीत करून टाकली होती. माझ्या शब्दावर भरवसा नव्हता म्हणून, की गावात मला कोणी बोल लावू नये म्हणून? आता विचारू कुणाला?

काठी तारांखालून आडवी गेली. मी वर बघत उभी राहिले. तिथे काठी सहज मावेल एवढी मोकळी जागा होती.