घरात बसा

आमची आत्या तळ्यात होडी चालवायची. होडी तिची स्वतःची होती, पण झोपायची मात्र आमच्या स्वयंपाकघरात, पिंपाशेजारी. साथीत धक्का बंद झाला, होड्या बांधून ठेवल्या आणि आत्या दिवसभर बाबांच्या डोळ्यांसमोर आली. मग काय, बाबांच्या जिभेला हाड राहिलं नाही.

"फुकट बसून खातेस, निदान भांडी तरी नीट घास!"

आत्याने हातातलं पातेलं आपटलं. वळकटी आणि स्टोव्ह उचलून ती तरातरा होडीवर गेली, दोर सोडला आणि वल्हवत तळ्याच्या मधोमध जाऊन थांबली.

सगळं गाव खिडक्यांत गोळा झालं. हवालदार धक्क्यावरून भोंग्यात ओरडला, "ओ बाई, फिरायला बंदी आहे! घरात बसा!"

बाबाही मागोमाग धावत आले. "अगं, चारचौघांत शोभा करतेस? घरी चल!"

आत्याने आधी चहाचं आधण ठेवलं. मग उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "हवालदारसाहेब, मी माझ्या घरातच बसलेय. बाहेर फिरतोय तो माझा भाऊ. त्याला हाकला!"

हवालदाराने भोंगा बाबांकडे वळवला.